हेर्लेकर सरांच्या बिननावाच्या पट्ट्या

हेर्लेकर सर कोल्हापूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत, आणि ते वाईट शिकवतात असं म्हणणारी माणसं गावात पुष्कळ होती. त्यात तथ्यही होतं. फळ्यावर समीकरण मांडायचं, अर्ध्यात खडू थांबवायचा आणि 'पण हे असंच का बरं?' असं स्वतःशी पुटपुटत खिडकीबाहेर बघत राहायचं, ही त्यांची खोड. तोवर मागच्या बाकांवर भुईमुगाच्या शेंगा फुटायच्या. परीक्षा तोंडावर आली की पालक प्रिन्सिपॉलांकडे गाऱ्हाणी नेत. सरांना बोलावणं जाई. सर सगळं शांतपणे ऐकून घेत, मान डोलावत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीशी उभे. सुधारणाऱ्यातला माणूसच नव्हे तो.

नाव नृसिंह बाळाजी हेर्लेकर. आजोळ नृसिंहवाडीचं, म्हणून हे नाव. अंगानं काटकुळे, कोटाच्या बाह्यांवर कायम खडूची भुकटी. मंगळवार पेठेत एका माडीवरच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई राहत. मूलबाळ नव्हतं. सरोजिनीबाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवत आणि घरी आल्यावर शेजारणींची पोलकी शिवत. सरांचं बोलणं कमी, बाईंचं त्याहून कमी, पण संसार बरा चालला होता.

त्रेपन्न सालच्या दिवाळीआधी शाहूपुरीतल्या डॉक्टर गणपतरावांनी कार्डिओग्रामचं यंत्र आणलं. गणपतराव म्हणजे सरांचे शाळेपासूनचे दोस्त. यंत्र बघायला रोग्यांपेक्षा धडधाकट माणसांचीच रीघ लागली. गुळाच्या अडतीतले लोक सौदे टाकून डोकावून जात. पण यंत्र काही धड चालेना. हातापायांना चिकट मलम लावून पत्रे बांधले आणि बटण दाबलं की तापलेली सुई मेणाच्या कागदावर रेष काढू लागे, आणि ती रेष म्हणजे नुसता केसाळ सुरवंट. गणपतरावांनी कंपनीच्या नावानं खडे फोडले आणि सरांना बोलावून घेतलं.

सर आले ते थेट टेबलावर आडवे झाले. "माझ्यावर लाव," म्हणाले.

अर्धी दुपार ते तसेच पडून. शेजारची पिठाची गिरणी जेवणासाठी बंद झाली तसा सुरवंट थोडा रोडावला. गिरणी सुरू झाली, तो पुन्हा फुगला. गणपतराव बाह्या सावरून गिरणीवाल्याशी भांडायला निघाले होते. सरांनी त्यांना थांबवलं आणि यंत्रातून जमिनीकडे जाणारी तार हातानं चाचपत शेवटापर्यंत नेली. ती नळाला बांधली होती, आणि नळाला नुकताच छानपैकी हिरवा रंग दिलेला होता. रंगाच्या थरातून वीज जमिनीत उतरत नव्हती. सरांनी चाकूनं रंग खरवडला, तार उघड्या लोखंडावर आवळली आणि पुन्हा येऊन आडवे झाले. सुई शहाण्यासारखी चालू लागली. बारकासा उंचवटा, मग सुळका, मग बुटकी टेकडी, मग सपाट. पुन्हा तेच, पुन्हा तेच. सर मान वाकडी करून बघत राहिले. आपल्या छातीतली वीज, एका व्होल्टचा जेमतेम हजारावा भाग, हाडामांसातून वाट काढत मनगटापर्यंत येते आणि इथं कागदावर डोंगर उभे करते! पंचेचाळिशीच्या माणसाला शोभणार नाही इतका आनंद त्यांना झाला.

"बोल, काय देऊ तुला?" गणपतरावांनी विचारलं.

"कागदाच्या पट्ट्या दे. तू हवा तेवढा तुकडा कापून ठेवतोस आणि उरलेला टाकतोस. तो मला दे. नावं नकोत."

"रद्दी? ने की! कशाला, शेंगा बांधायला?"

"शिकवायला," सर म्हणाले.

तर असा तो शनिवारचा वर्ग सुरू झाला. बी.एस्सी.ची सात-आठ मुलं, दुपारी कॉलेज सुटल्यावर, प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाशी. परीक्षेत याचा एकही प्रश्न येणार नव्हता, त्यामुळे आली ती खरोखरच आवडीनं आली. शाहूवाडीकडच्या भातशेतीतून आलेला कृष्णात होता. तो बोर्डिंगात राहायचा आणि त्याचा हळू आवाजसुद्धा दोन खोल्या पलीकडे ऐकू जायचा. शाहूपुरीतल्या गूळ व्यापाऱ्याची लीला होती. तिचं घर डॉक्टरांच्या दवाखान्यासमोरच होतं, आणि पट्ट्यांची गुंडाळी आणायचं काम आपोआप तिच्याकडे आलं होतं.

सर म्हणत, "हृदय नंतर बघू. आधी कागद कुठं खोटं बोलतोय ते शोधा." एकसारखे बारीक दात दिसले तर ती आपली वीज नव्हे, विजेच्या तारांची. दात वेडेवाकडे असले तर माणूस थंडीनं किंवा भीतीनं कुडकुडत होता. सगळी रेषच हळूहळू वरखाली होत असली तर तो श्वास. एवढं सगळं मनातल्या मनात बाजूला काढायचं आणि मग मोजपट्टी लावून कागदावरचे छापील चौकोन मोजायचे. प्रत्येकानं दुसऱ्याकडे पाठ करून मोजायचं आणि आपला आकडा फळ्यावर लिहायचा. आकडे कधीच जुळत नसत. पहिल्या शनिवारी मुलं त्यावरून हमरीतुमरीवर आली. सर मात्र खुशीत होते. "जुळायचे नाहीतच," ते म्हणाले. "तुमचे डोळे वेगळे, हात वेगळे. आकड्यांची पांगापांग झाली म्हणजे समजायचं, माणसं प्रामाणिकपणे मोजतायत. त्या पांगापांगीच्या मध्ये कुठंतरी खरं असतं."

पण एक गोष्ट मुलांच्या पचनी पडेना. पट्टी हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला.

"सर, ह्ये कुणाचं हाय?" कृष्णात विचारायचा.

"ठाऊक नाही."

"निदान गाव तरी? कंच्या गावचा माणूस?"

यात त्याचा दोष नव्हता. कोल्हापुरात अनोळखी माणसाला पाण्याचा तांब्या दिला तरी आधी 'पावणं, गाव कंचं' हे विचारून होतं. गाव कळलं की घर, घर कळलं की सोयरीक, आणि मग पावण्यांशी कसं बोलायचं ते ठरतं. नाव नाही, गाव नाही अशा माणसाचं काळीज वाचायचं म्हणजे मुलांना उघड्यावर झोपल्यासारखं वाटायचं. सरांना याची मोठी गंमत वाटली आणि त्यांनी एक खोडी काढली.

त्यांनी एकाच लांब पट्टीचे दोन तुकडे केले. एक अर्ध्या वर्गाला दिला आणि सांगितलं, हा तालमीतला नावाजलेला पैलवान. दुसरा उरलेल्यांना दिला आणि सांगितलं, ही दम्यानं टेकीला आलेली म्हातारी. मुलांनी वाचलं. पैलवानाचे सुळके उंच आणि दमदार निघाले. म्हातारीचे खुजे निघाले, आणि दोन-तीन जणांना तर त्यात थकवा स्पष्ट दिसला. मग सरांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून कापलेली कड कडेला जुळवली.

मुलं टेबलावर वाकली. लीलानं विचारलं, "मग हे खरं कुणाचं?"

"ठाऊक नाही," सर म्हणाले आणि पोट धरून हसले. "तुम्ही कागद वाचलाच नाहीत. तुम्ही पैलवान वाचलात आणि म्हातारी वाचलीत."

त्या दिवसापासून नियम झाला. पट्टीवर फक्त आकडा. नाव नाही, गाव नाही, आणि विचारायचंही नाही. मुलांनी तो पाळलाही.

कधी गाडी डोक्यातल्या विजेकडे वळे. ग्रंथालयात येणाऱ्या एका विलायती मासिकात मेंदूच्या विजेच्या रेषा छापून आल्या होत्या. सरांनी त्या फळ्यावर मोठ्या करून काढल्या. माणूस डोळे मिटून निवांत पडला की मोठ्या, संथ लाटा. डोळे उघडले की लाटा गायब, नुसती बारीक खळबळ.

"म्हंजे डोळं झाकल्यावर डोस्कं जास्त चालतं व्हय?" कृष्णातनं विचारलं. "मग मला वर्गात झोपू द्या की!"

हशा ओसरल्यावर सर म्हणाले, "लेझीम बघितलीस ना? सगळे एका ठेक्यात असले की आवाज चार गल्ल्या ओलांडून जातो. तीच पोरं पांगून आपापल्या कामाला लागली की नुसती कुजबुज. काम मात्र तेव्हाच होतं. असं असेल कदाचित. नक्की ठाऊक नाही." त्या संध्याकाळी दिवे लागले तरी वर्ग उठला नाही. कुणी कुणाचे डोळे मिटवून प्रश्न विचारत होतं, कुणी मनगटाची नाडी धरून वाद घालत होतं. खिडकीशी उभं राहून एकट्यानं पुटपुटण्यापेक्षा ही मजा मोठी, हे सरांना इतक्या वर्षांनी कळलं.

वर्ग सुरू होऊन वर्ष उलटलं. संक्रांतीच्या सुमारास सर मंडईतून पिशवी घेऊन आले आणि माडीचा जिना चढताना मध्येच थांबले. छातीवर कुणीतरी पाटा ठेवावा तसं झालं आणि कळ डाव्या हातात उतरली. थोड्या वेळानं सगळं गेलं. सरांना आधी वाटलं ते कुतूहलच. हे केव्हा होतं? जेवणानंतर जास्त, की चढावर जास्त? थंड हवेत? ते स्वतःवर पाळत ठेवून राहिले, जणू काही दुसऱ्याच कुणाची छाती आहे. मग एके दिवशी कळ लवकर जाईना, तेव्हा कुतूहल कुठल्या कुठं पळालं आणि ते घाबरले. सरोजिनीबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही. उगाच जिवाला घोर.

ते गणपतरावांकडे गेले. गणपतरावांनी पत्रे बांधले, पट्टी काढली, तिच्यावरून नजर फिरवली आणि सरांच्या पोटात बोट खुपसलं. "तुला काय धाड भरलीय? विडी नाही, सुपारी नाही, अंगावर तोळाभर चरबी नाही. गॅस आहे. रात्रीचं दही बंद कर."

सर पट्टी गुंडाळून बाहेर पडले. पायरी उतरताना त्यांच्या ध्यानात आलं, की गण्यानं कागद वाचलाच नाही. त्यानं आपला मित्र वाचला.

मग त्यांनी स्वतः वाचायला घेतली. सुळक्यानंतर रेष परत बैठकीवर यायला हवी. इथं ती किंचित खाली झोल खाते का? खात असली तर काळजाला रक्त कमी पडतंय. सकाळी बघितलं तर झोल होता. संध्याकाळी बघितलं तर नव्हता. मोजपट्टी लावली तर आपलाच अंगठा तिला केसभर वर सरकवतो, हे त्यांना दिसलं. नको ते दिसू नये म्हणून हात परस्पर लबाडी करत होता. आपली पट्टी आपल्याला वाचता येणार नाही, हे सरांनी कबूल केलं. ती कुणाची हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनीच ती वाचायला हवी. आणि अशी माणसं साऱ्या कोल्हापुरात एकाच टेबलाशी बसत.

त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पोरांना झोल दिसला तर मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. नाही दिसला तर जिना सावकाश चढायचा आणि हा विषय डोक्यातून काढून टाकायचा.

शनिवारी सकाळीच त्यांनी आपली पट्टी इतर पट्ट्यांच्या ढिगात घातली आणि ढीग प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवून दिला. दुपारी वर्ग भरला. एकेक पट्टी फिरत गेली, सुळका, अंतर, झोल असे आकडे फळ्यावर चढत गेले. सरांच्या पट्टीची पाळी आली तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मागं खडूचा आवाज येत होता. मुलं बसल्याचा आवाज आला तेव्हा ते वळले.

झोल: शून्य. शून्य. शून्य. खालपर्यंत शून्य.

सरांना छातीवरचा पाटा उतरल्यासारखं झालं. खुर्चीत बसावं, मोठ्यानं हसावं, सगळ्या पोरांना भजी खायला घेऊन जावं असं वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. आणि सवयीनं नजर पुन्हा फळ्याकडे गेली.

सुळक्याची उंची प्रत्येकाची तीच. दोन ठोक्यांमधलं अंतर प्रत्येकाचं तेच. अर्ध्या चौकोनाचाही फरक नाही. वर्षभरात एकदाही या टोळक्याचे आकडे जुळले नव्हते, आणि आज सगळे कवायतीला उभे राहिल्यासारखे एका रांगेत.

"हे काय आहे?" सर म्हणाले. मग ते ओरडले. हेर्लेकर सरांना ओरडताना त्या इमारतीनं पहिल्यांदाच ऐकलं. "एकानं तरी चुकायचं होतं! एकानं तरी! लबाडी करायची तर अक्कल वापरून करायची, एवढं तरी शिकवलं होतं ना मी?"

लीला उभी राहिली. "सर, आमच्या गॅलरीतून दवाखान्याची पायरी दिसते. तुम्ही बाहेर पडलात तेव्हा मनगटावरचं मलम रुमालानं पुसत होतात आणि हातात गुंडाळी होती. आणि आजच्या ढिगात बाकी सगळे उरलेले तुकडे, एकच पट्टी अख्खी. मी विचारलं नव्हतं, सर. मला दिसलं."

"आणि तू सगळ्यांना सांगितलंस."

"हो. तुम्ही यायच्या आधी आम्ही ती मोजली. खरी मोजली."

"मग खरं काय आलं?"

लीलानं कृष्णातकडे बघितलं. कृष्णात उठला, आणि त्या दिवशी त्याचा आवाज खरोखरच हळू होता. "सर, रेघ खाली जातीया. परत्येकाचं येगळं आलं. कुणाचं एक घर, कुणाचं दीड, लीलाचं दोन. वर मातुर कुणाचंच आलं न्हाय."

"खात्री आहे तुझी?"

"न्हाय सर. आमी काय डाक्टर न्हाय. पर सगळ्यांचं खालीच आलं. तुमी मिरजेला जावा."

"मग खोटं का लिहिलंत?"

"तुमी भ्याला असता की," कृष्णात म्हणाला. "तुमास्नी भ्यालेलं कसं बघायचं आमी?"

सरांनी फळा पुसला आणि खडू पुढे केला. मुलं एकेक करून आली आणि खरे आकडे लिहून गेली. एक, दीड, सव्वा, दोन. छान पांगले होते. मास्तर म्हणून सरांचा ऊर भरून आला आणि रोगी म्हणून ते हबकले. दोन्ही खरं होतं.

घरी जाताना मात्र त्यांचा राग परत चढला. चांगल्या मनानं लपवलं म्हणून काय झालं? ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्याच्यापासून लपवायचं? तो घाबरेल हे ठरवणारे तुम्ही कोण? पुढच्या शनिवारी पोरांना काय काय सुनवायचं याची वाक्यं जुळवत ते मंगळवार पेठेत शिरले, जिना चढू लागले, आणि मध्यावर थांबले. वरून शिवणयंत्राचा आवाज येत होता. सर त्या आवाजाकडे कान लावून उभे राहिले, आणि जुळवलेली सगळी वाक्यं एकेक करून त्यांच्याच अंगावर आली.

यंत्र थांबलं. सरोजिनीबाई जिन्याच्या तोंडाशी आल्या. "मध्येच का उभे राहिलात?"

सर पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. पाट्याचं ओझं, डाव्या हातातली कळ, गणपतराव, ढिगातली पट्टी, फळ्यावरची शून्यं, आणि मग खरे आकडे. बाई पायऱ्या उतरून आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"अख्ख्या वर्गाला दाखवलंत," त्या म्हणाल्या. "मला का नाही?"

"अगं, तू घाबरली असतीस."

"घाबरले असते. मग?"

सरांनी वर्गातून परत आणलेली पट्टी खिशातून काढली आणि बाईंच्या मांडीवर उलगडली. रेष कुठं झोल खाते ते बोटानं दाखवलं. सरोजिनीबाई घाबरल्या. चांगल्याच घाबरल्या. पण त्यांनी सरांचा हात धरला आणि सोडला नाही. सकाळच्या गाडीनं दोघं मिरजेला गेली.